शपथ कोणाच्या नावाची?

आश्विन सरत आला की आमच्या लासलगावी काही दिवस विलक्षण शांतता पसरते. बाजारसमितीतले लिलाव दिवाळीपुरते थांबलेले असतात, ट्रॅक्टरांच्या रांगा नसतात, व्यापाऱ्यांच्या वह्या पूजेला लागलेल्या असतात, आणि एरवी कांद्याच्या भावाखेरीज दुसरा विषय न काढणारे हे गाव चार दिवस इतर गोष्टी बोलू लागते. याच दिवसांत पहाटे विंचूरच्या रस्त्यावर पळणाऱ्या मुलांच्या पावलांचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. ही सैन्यभरतीची तयारी करणारी मुले. सोळाशे मीटर ठरल्या वेळात कापावयाचे, एवढेच त्यांचे तूर्त ध्येय असते.

त्यांच्यातल्या एकाने, माझ्याकडे पूर्वी इतिहास शिकलेल्या मुलाने, मध्यंतरी मला विचारले, "सर, देशासाठी जायचंय हे खरं. पण वर बसलेल्या माणसावर माझा भरवसा नाही. त्याच्या हुकमावर मी मरायचं का?" नेत्याचे नाव त्याने घेतले, मी ते येथे लिहीत नाही. दुसऱ्या घरातल्या मुलाने दुसरे नाव घेतले असते, आणि वीस वर्षांपूर्वी कोणी विचारले असते तर ते नाव तिसरेच असते. प्रश्न मात्र हाच. तो किती जुना आहे हे पाहण्यासाठी फार लांब जावयास नको. हा मुलगा ज्या रस्त्याने पळतो तो रस्ता जेथे जातो तेवढे विंचूर गाठले तरी पुरे.

विंचूर हे सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकरांच्या जहागिरीचे गाव. उलट दिशेला, उत्तरेकडे गेले की चांदवड लागते; तेथे होळकरांचा रंगमहाल आजही उभा आहे. लासलगावकर या दोन गावांच्या मध्ये राहतो, पण या दोन्ही घराण्यांचे धनी १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या मैदानावर होते हे त्याला सहसा आठवत नाही. आणि दोघांनाही सेनापतीच्या बेताविषयी शंका होती हे तर त्याहून नाही. मल्हारराव होळकरांचे म्हणणे सर्वांना ठाऊक आहे: बायकामुले, बुणगे, जड सामान मागे ठेवा आणि आपल्या जुन्या गनिमी काव्याने लढा. सदाशिवरावभाऊंचा भरवसा होता इब्राहिमखान गारद्याच्या तोफांवर आणि त्याच्या कवायती पलटणींवर. तोफांच्या आधाराने गोल बांधून, रांग न मोडता पुढे सरकावयाचे, असा तो बेत.

मल्हारराव मोहिमेत गेले. शंका घेऊन गेले. आता युद्धाच्या दिवशी काय झाले ते पाहावे. डाव्या अंगाला गारद्यांच्या शेजारी विंचूरकर आणि दमाजी गायकवाड होते. रोहिल्यांवर गारद्यांचा मारा चालला असता या सरदारांनी रांग सोडून घोडी पुढे घातली. घोडेस्वाराला रांगेत उभे राहून दुसऱ्याच्या तोफांची लढाई पाहत बसणे म्हणजे काय वाटत असेल, याची कल्पना करता येते. पण ती घोडी पुढे गेल्याने आपल्याच तोफांचा मारा अडला, आणि रोहिल्यांच्या बंदुकांपुढे तो हल्ला टिकला नाही. दुपारनंतर मधली फळी कोसळली तेव्हा होळकर आपली फौज घेऊन मैदानातून निघून गेले. या निघून जाण्यावर दोनशे साठ वर्षे वाद चालला आहे आणि मी त्यात भर घालणार नाही. मला एवढेच दिसते की मल्हाररावांची शंका मसलतीच्या डेऱ्यात बोलली गेली तेव्हा ती शहाणपणाची होती, आणि हीच शंका रणांगणावर घोड्याच्या टाचेतून बोलू लागली तेव्हा तिची किंमत ज्यांना मसलतीला कोणी बोलावले नव्हते त्यांनी मोजली.

अर्थात सरदाराची गोष्ट वेगळी. त्याची फौज त्याची, जहागीर त्याची; मनात आले तर तो घोडा वळवू शके. पगारी शिपायाला ती सोय नाही. पेशवाई बुडाल्यावर आमच्या मुलखातला गडी कंपनीच्या आणि मग राणीच्या पलटणीत गेला तो सही करून, शपथ घेऊन. शपथ राजाच्या नावाने. त्या राजाला त्याने कधी पाहिलेले नव्हते. त्याच्यावर विश्वास आहे काय, असे त्याला कोणी विचारलेही नाही.

पहिल्या महायुद्धात हा गडी कोठे कोठे गेला! ६ वी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात उतरली, टाउनशेंड नावाच्या जनरलाच्या हाताखाली बगदादच्या दिशेने पुढे गेली, मागे हटली, आणि डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमाऱ्याच्या वेढ्यात अडकली. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. सुमारे पाच महिने उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी ती सारी फौज तुर्कांच्या हाती गेली, आणि त्यापुढची वाळवंटातली कैद वेढ्याहून वाईट ठरली. बगदादवर चालून जाण्याचा तो निर्णय चुकीचा होता, असे पुढे इंग्रजांच्याच चौकशी आयोगाने सांगितले. म्हणजे शंका रास्त होती. ती घेण्याचा अधिकार तेवढा कोणाला नव्हता.

साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचे गाव आहे, अपशिंगे मिलिटरी म्हणून ते ओळखले जाते. या एका गावाचे ४६ जवान त्या युद्धात गेले. अशा गावांतून इंग्रजांनी दगडी पाट्या बसविल्या आहेत. कोकणात आणि देशावर मी त्यांतल्या काही पाहिल्या. मजकूर जवळपास सगळीकडे सारखा: या गावातून महायुद्धात इतकी माणसे गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे आणि वर्षे, १९१४ ते १९१९. नाव एकाचेही नाही. जे गेले त्यांच्या मनात राजाविषयी, साहेबाविषयी, या परक्या लढाईविषयी काय होते, हे त्या दगडाला विचारून उपयोग नाही.

पण त्याच काळात ही शंका मोठ्याने बोलणारा एक मनुष्य महाराष्ट्रात होता, आणि त्याची गोष्ट या लेखात मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

लोकमान्य टिळक १९१४ च्या जून महिन्यात मंडालेहून सुटून आले. राजद्रोहाच्या आरोपाखाली सहा वर्षे तुरुंगात काढून आलेल्या माणसाचा त्या सरकारवर विश्वास किती असणार? तरीही दोन महिन्यांत युद्ध पेटले तेव्हा त्यांनी या प्रसंगी सरकारला साहाय्य करावे असे जाहीर केले. सरकारचा मात्र त्यांच्यावर विश्वास बसला नाही. १९१६ मध्ये होमरूलच्या व्याख्यानांबद्दल त्यांच्याकडून चांगल्या वर्तनाची हमी म्हणून वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा दहा हजारांचे दोन जामीन मागितले गेले. जीनांनी त्यांची बाजू मांडली आणि हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. १९१७ च्या मे महिन्यात होमरूल लीगच्या पहिल्या वाढदिवसासाठी ते आमच्या नाशिकला आले. शरीराने थकलेला, पण मनाने तरुण असलेला हा मनुष्य तेथे स्वराज्याचे बोलला. आणि त्याच वर्षी सरकारने इंडियन डिफेन्स फोर्स काढली तेव्हा तरुणांनो, तीत नावे द्या, असेही तो सांगत होता. पंजाब सरकारने त्याच वर्षी त्यांना प्रांतबंदी केली. एक हात पुढे, दुसरा मनगटाला बांधलेला, अशी ती अवस्था होती.

टिळकांच्या टीकाकारांना यात विसंगती दिसली. जहालांचा पुढारी साहेबासाठी शिपाई गोळा करतो! पण टिळकांचा हिशेब उघड होता. हत्यारबंदीच्या कायद्याने या देशाच्या हातातली बंदूक काढून घेतली. ती परत हातात येण्याचा रस्ता आज युद्धाने उघडला आहे. तो धरावयाचा; पण हमालाप्रमाणे नव्हे. हिंदी मनुष्य शिपाई होतो, सुभेदार होतो, आणि कालच विलायतेहून आलेल्या पोरगेल्या गोऱ्या लेफ्टनंटला सलाम करून निवृत्त होतो. अधिकारी होण्याचा दरवाजा त्याला बंद. तो उघडा, मग माणसे घ्या.

१० जून १९१८ रोजी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी युद्धपरिषद भरविली. एप्रिलमधल्या दिल्लीच्या परिषदेला टिळकांना बोलावणे नव्हते. येथे मात्र ते आले. त्यांनी आरंभ राजनिष्ठेनेच केला. पुढे, देशाचे संरक्षण आणि स्वराज्य या दोन गोष्टी वेगळ्या करता येणार नाहीत, असे ते सांगू लागताच गव्हर्नरांनी त्यांना थांबविले: येथे राजकारण बोलावयाचे नाही. टिळक व्यासपीठावरून उतरले आणि सभागृहाबाहेर गेले. केळकरही गेले. माणसे द्या, पण का द्यावयाची ते बोलू नका, असा तो प्रकार. सहा दिवसांनी मुंबईत निषेधाची सभा झाली तिचे अध्यक्ष होते मोहनदास करमचंद गांधी.

आणि गंमत पाहा, की याच गांधींनी त्याच उन्हाळ्यात गुजरातेत खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीचे काम हाती घेतले होते. दिल्लीच्या परिषदेत भरतीच्या ठरावाला त्यांनी हिंदीतून एका वाक्यात पाठिंबा दिला होता, आणि दिलेला शब्द पाळण्यासाठी ते पायी गावोगाव हिंडत होते. काही महिन्यांपूर्वी सारासत्याग्रहाच्या वेळी जे शेतकरी आपण होऊन फुकट बैलगाड्या देत होते ते आता भाड्यानेही गाडी देईनात. तुम्ही अहिंसा शिकवता आणि आम्हाला बंदूक धरायला सांगता, हे कसे, असे त्यांना लोक विचारीत. सरकारने आमचे काय भले केले म्हणून आम्ही जावे, असेही विचारीत. खेड्यातला शेतकरी हा राजकारणाचा फार चांगला परीक्षक असतो. गांधी मैलच्या मैल चालले, शेंगदाणे आणि लिंबू यांवर राहिले आणि शेवटी ऑगस्टमध्ये आमांशाने अंथरुणाला खिळले. नोव्हेंबरात युद्धच संपले.

या दोघांमध्ये त्या दिवसांत एक व्यवहार झाला. टिळकांनी गांधींकडे पन्नास हजार रुपयांचा चेक पाठविला. हिंदी लोकांना सैन्यात अधिकारपदे मिळतील असे सरकारकडून वचन आणा, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसे भरती करून देतो; न दिली तर ही रक्कम जप्त. गांधींनी तो चेक परत केला. मदत करावयाची तर ती सौद्याने करू नये, असे त्यांचे म्हणणे.

दोन वर्षांपूर्वी ज्या माणसाकडून सरकार वीस हजारांचा मुचलका मागत होते, तोच आता आपल्या शब्दाला आपण होऊन पन्नास हजारांचे तारण लावीत होता. मी वर्गात हा प्रसंग सांगे तेव्हा मुले हमखास दोन तट पाडीत. बहुतेकांना गांधींचे उत्तर उंच वाटे, आणि टिळकांचे आपले वाटे. माझे मत विचाराल तर मी टिळकांच्या बाजूचा. विश्वास असता तर सौदा करण्याचे कारणच नव्हते; विश्वास नव्हता म्हणून अट घालावी लागली, आणि ती अट स्वतःसाठी नव्हती, जे मरावयास जाणार त्यांच्यासाठी होती. गांधींच्या निरपेक्षतेत थोरवी होती हे मान्य. पण ज्याने मरावयाचे तो गांधी नव्हता, तो खेड्यातला पाटीदार होता, आणि त्याने गाडी न देऊन आपले मत दिले होते. टिळकांच्या सौद्यातही एक दोष आहे, तो लपविण्यात अर्थ नाही. त्या पाच हजारांना तरी कोणी विचारले होते?

तरी अट वाया गेली असे म्हणता येणार नाही. एकट्या टिळकांच्या मागणीने झाले असे नव्हे, पण १९१८ पासून इंग्लंडातल्या सँडहर्स्टच्या सैनिकी विद्यालयात हिंदी मुलांसाठी दरवर्षी दहा जागा राखल्या गेल्या. तीस कोटींच्या देशाला दहा जागा! त्या दहा-दहा जागांतूनच पुढे कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात आणि सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले हे दोन मराठी तरुण राजाचे कमिशन घेऊन परत आले. या दोघांची गोष्ट पुढे येईल. त्याआधी येवल्याला जाऊन येऊ.

येवला आमच्या पूर्वेला, पैठणीचे गाव. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी तेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदुधर्म सोडण्याची घोषणा केली. त्याआधी १९३० पासून पाच वर्षे नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह चालला होता आणि दार उघडले नव्हते. हे बाबासाहेब एका सुभेदाराचे चिरंजीव. महारांच्या पलटणी कंपनी सरकारच्या फौजेत होत्या. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत त्यांची माणसे पडली, त्यांची नावे तेथील स्तंभावर आहेत. (येथे नावे आहेत हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.) आणि इतके करून, १८९० नंतरच्या दशकात, लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती असे एक शास्त्र साहेबाने काढले व महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी, पुढे शिवराम जानबा कांबळ्यांनी अर्ज केले. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १११ क्रमांकाची महार पलटण उभी केली, आणि गरज संपताच मोडली.

अशा सरकारवर कोणी विश्वास ठेवावा? तरी दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेबांनी महार तरुणांना फौजेत जाण्यास सांगितले, आणि संरक्षण सल्लागार समितीवर बसून स्वतंत्र महार पलटणीची मागणी लावून धरली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. तिच्या टोपीवरच्या पहिल्या बिल्ल्यात कोरेगावचा स्तंभ होता. बाबासाहेबांना इंग्रजांवर विश्वास होता म्हणून हे झाले असे नाही; नाझींचा विजय झाला तर इंग्रजांहून भयंकर धनी डोक्यावर बसेल हे त्यांना दिसत होते, आणि देवळाचे दार उघडत नसेल तर बराकीचे तरी उघडावे, हेही. टिळकांनी अधिकारपद मागितले, बाबासाहेबांनी पलटण मागितली. दोघांनीही शंका सहीच्या आधी, कागदावर आणली.

त्याच वर्षांत नाशिकजवळच्या भगूरचे सावरकर हिंदूंच्या सैनिकीकरणाची हाक देत होते, आणि त्याच नाशिकात डॉ. मुंजे यांनी १९३७ मध्ये काढलेली भोसला सैनिकी शाळा चालू होती. उलट पक्षी, आमच्या जिल्ह्यातलेच काँग्रेसचे कार्यकर्ते या युद्धाला एक पैसा नाही, एक शिपाई नाही म्हणत तुरुंगात जात होते. कोण बरोबर, हा वाद त्या काळी ओट्याओट्यावर झाला असेल. भरती मात्र पोटाच्या भरवशावर चाललीच. दुसऱ्या महायुद्धाअखेर हिंदी सैन्यात पंचवीस लाखांच्या आसपास माणसे होती, आणि सक्ती कोणावरच नव्हती.

आता ते दोन सँडहर्स्टवाले. १९४२ मध्ये सिंगापूर पडले. भोसले जपान्यांच्या कैदेत गेले आणि आझाद हिंद सेनेत दाखल झाले; तिच्या प्रमुख अधिकाऱ्यांत त्यांची गणना होते. राजाच्या नावाने घेतलेली शपथ त्यांनी मोडली. थोरात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर राजाच्या फौजेतच राहिले, आणि १९४५ च्या जानेवारीत आराकानातल्या कांगॉच्या लढाईत पंजाब रेजिमेंटच्या पलटणीचे नेतृत्व करून त्यांनी डी. एस. ओ. पदक मिळविले. दोघे मराठे, दोघे एकाच शाळेतले, दोघांनाही स्वराज्य हवे; एकाच युद्धात दोन बाजूंना.

युद्धानंतर लाल किल्ल्यात आझाद हिंदच्या अधिकाऱ्यांवर खटले चालले तेव्हा भुलाभाई देसाई यांनी नेमके याच गाठीवर बोट ठेवले. स्वतंत्र देशात राजा आणि देश एकच असतात. परतंत्र देशात ते दोन होतात, आणि त्या वेळी मनुष्याने कोणाशी इमान राखावे? जनता भोसल्यांच्या बाजूची होती यात शंका नाही. पण १५ ऑगस्ट उगवल्यावर स्वतंत्र भारताच्या सरकारने आझाद हिंदच्या सैनिकांना पुन्हा फौजेत घेतले नाही. ज्या नेहरूंनी त्या खटल्यात बॅरिस्टरचा झगा अंगावर चढविला त्यांचेच ते सरकार. भोसले पुढे त्याच सरकारात उपमंत्री झाले, थोरात फौजेत वर चढत गेले. शपथ मोडणाऱ्याला देशाने हार घातला, आणि फौज शपथ पाळणाऱ्यांच्या हाती ठेवली. मला यात दांभिकपणा दिसत नाही. एक भीती दिसते, आणि ती आजूबाजूच्या देशांकडे पाहता अनाठायी नव्हती.

१९५० मध्ये राज्यघटना आली आणि त्याबरोबर शपथ बदलली. माझ्या विद्यार्थ्याला मी सांगितले ते एवढेच, की तू जी शपथ घेशील ती आधी वाच. तीत निष्ठा आहे ती घटनेशी. हुकूम आहे तो राष्ट्रपतींचा आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांचा, जिवावर बेतले तरी पाळण्याचा. पंतप्रधानाचे नाव नाही, पक्षाचे नाव नाही, आणि राष्ट्रपतीसुद्धा पद म्हणून आहे, मनुष्य म्हणून नव्हे. त्याच वर्षाच्या सैन्य कायद्यात हुकूम मोडल्याची शिक्षा सांगताना शब्द आहे 'कायदेशीर' हुकूम. गणवेश चढविल्यावर सभेत बोलता येणार नाही, वर्तमानपत्रात लिहिता येणार नाही. मत मात्र देता येईल, टपालाने. म्हणजे कुतच्या वेढ्यातल्या मराठ्याला जे नव्हते ते तुला आहे. पुरेसे आहे का, असे त्याने विचारले. मी थोरातांची पुढची गोष्ट सांगितली.

जनरल थिमय्या तेव्हा सरसेनापती होते आणि लेफ्टनंट जनरल थोरात पूर्व विभागाचे प्रमुख. चीनच्या सरहद्दीचा अभ्यास करून थोरातांनी १९५९ मध्ये एक अहवाल दिला: अमुक इतके सैन्य लागेल, अगदी सीमेवर जाऊन बसू नका, मागे अमुक ओळीवर लढा. १९६० च्या मार्चमध्ये लखनौला त्याचा सरावही करून दाखविला, त्याचे नाव 'लाल किला'. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना ही भीती अवास्तव वाटली. त्यापूर्वीच, १९५९ च्या ऑगस्टअखेर, मेननांशी न पटल्याने थिमय्यांनी राजीनामा दिला होता आणि नेहरूंच्या आग्रहाने परत घेतला होता. आपल्यामागे थोरात यावेत ही थिमय्यांची इच्छा. १९६१ मध्ये नेमणूक झाली थापर यांची. थोरात निवृत्त होऊन कोल्हापूरला आले. ज्याच्या मनात नेतृत्वाविषयी सर्वांत साधार शंका होती त्या सेनानीने ती कागदावर लिहिली, वर पाठविली, आणि ती नाकारली गेल्यावर बंड केले नाही, वर्तमानपत्रांत गेला नाही. चांगला सैनिक याहून वेगळे काय करणार? पण तो कागद वर कोठे अडला?

२० ऑक्टोबर १९६२ ला, दिवाळीच्या ऐन तोंडावर, चीनचा हल्ला आला. महिनाभरात काय झाले ते त्या पिढीला सांगावे लागत नसे. उन्हाळी कपड्यांत, जुन्या रायफली घेऊन आमची मुले बर्फात उभी होती. पुढे नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतले. तो अहवाल मला का दाखविला नाही, असे पंतप्रधानांनी विचारल्याचे थोरातांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे. त्याचे उत्तर मेननच देऊ शकतील, असे आपण सांगितले, हेही.

मेनन गेले. २१ नोव्हेंबरला, चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली त्याच दिवशी, यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्रिपद हाती घेतले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री गेला, हे वाक्य तेव्हापासून आमच्याकडे इतके वापरले गेले की त्याची नाणी झिजली. पण त्या हिवाळ्यात भरतीच्या केंद्रांवर तरुणांची रीघ लागली ही गोष्ट खरी आहे, आणि ती नेहरूंवरचा विश्वास अढळ होता म्हणून लागली नव्हती. तो विश्वास त्याच महिन्यात सर्वांत खाली गेला होता. नेहरूंचेच पक्षसदस्य मेननांच्या राजीनाम्यासाठी उठले होते. सरकार चुकले असे म्हणत लोक रक्त देत होते, बायका अंगावरचे सोने काढून देत होत्या, पोरे नावे नोंदवीत होती. घर पेटले असता कर्त्या माणसाशी भांडण उद्यावर टाकावे, तसे ते होते.

त्या उद्याचे काय झाले? १९६३ मध्ये चव्हाणांना लोकसभेवर पाठवावयाचे होते, त्यासाठी मतदारसंघ निवडला गेला नाशिक. विरोधी पक्षांनी उमेदवार दिला नाही आणि ते बिनविरोध निवडून आले. मोठेपणाची गोष्ट म्हणून ती सांगितली जाते, आणि चव्हाण त्या मानाला पात्रही होते. मात्र ज्या युद्धाने शेकडो घरे उजाडली त्यावर नाशिकच्या मतदाराला एक कागदही पेटीत टाकावा लागला नाही.

पराभवाची चौकशी हेंडरसन ब्रूक्स आणि प्रेमिंद्रसिंह भगत या दोन सेनाधिकाऱ्यांनी केली. भगत हे दुसऱ्या महायुद्धातले व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी, शपथ पाळणाऱ्यांपैकी. १९६३ च्या सप्टेंबरात संरक्षणमंत्री चव्हाणांनी लोकसभेत त्यातले काही निष्कर्ष सांगितले. शिक्षण, शस्त्रे, नेतृत्व यांत कोठे उणे पडले ते सांगितले. मूळ अहवाल ठेवला नाही. २०१४ मध्ये त्याचा काही भाग एका परदेशी पत्रकाराने बाहेर आणला. सरकारने तो अजून प्रसिद्ध केलेला नाही.